घरगुती खेळयंत्र सुरू होत नाहीं, तेव्हां

स्वतःच्या हातानें जुळविलेलें यंत्र पहिल्यांदा बटण दाबतांच सुरळीत चालूं लागलें, असें फार क्वचित् घडतें. हल्लीं बरेच विद्यार्थी रास्पबेरी पाय नांवाचा लहानसा संगणक घेऊन, १९८० व १९९० या दशकांतील खेळ चालविणारा कन्सोल घरींच तयार करितात. पेटी जमते, कंट्रोलर जोडला जातो, टी. व्ही. ची केबल लागते, आणि पडदा मात्र काळाच राहतो. अशा वेळीं पहिला उद्गार बहुधा 'बोर्ड जळला' हाच असतो. मग चांगला बोर्ड अडगळींत पडतो, सांठविलेले पैसे खर्चून दुसरा आणिला जातो, आणि तोहि तसाच काळा पडदा दाखवितो. कारण दोष पूर्वीं जेथें होता तेथेंच, म्हणजे तारेंत किंवा कार्डांत, जसाच्या तसा राहिलेला असतो. बोर्डावर आरोप ठेवण्यापूर्वीं त्याची साक्ष कशी काढावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा संगणक केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फौंडेशननें २०१२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आणिला. त्याच्या नांवांतील 'पाय' मराठी नव्हे. तो पायथन या संगणकभाषेच्या नांवावरून आलेला आहे. शाळकरी मुलांनीं संगणकाशीं स्वतः झटापट करावी, असा ईबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतु होता, आणि पहिल्या प्रकारांस 'ए' व 'बी' हीं नांवें १९८१ सालच्या बी. बी. सी. मायक्रो या शालेय संगणकाच्या आठवणीनेंच दिलेलीं आहेत. पुढील विवेचनांत मुख्यतः २०१६ सालचा पाय ३ व २०१९ सालचा पाय ४ हे बोर्ड, आणि त्यांवर रेट्रोपाय ही विनामूल्य मिळणारी प्रणाली, हीं गृहीत धरिलीं आहेत.

यंत्र जागें होतांना काय काय घडतें हें ठाऊक असल्यावांचून तें कोठें अडलें हें कळणार नाहीं. पाय ३ मध्यें वीज आली कीं मुख्य प्रोसेसर लगेच उठत नाहीं. आधीं जागा होतो तो चित्रें काढणारा भाग, ज्यास ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. यजमान निजलेला असतांना घरांतील रंगाऱ्यानें पहांटेस उठून दार उघडावें, तसाच हा प्रकार आहे. हा रंगारी मेमरी कार्डाच्या पहिल्या विभागांतून बूटकोड नांवाची एक लहान फाइल वाचतो. तिच्या आधारें स्टार्ट नांवाची दुसरी फाइल उचलतो. कॉन्फिग या साध्या मजकुराच्या फाइलींत आपण लिहून ठेविलेल्या सूचना पाहतो. आणि शेवटीं कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, मेमरींत भरून मुख्य प्रोसेसरास उठवितो. मग कर्नल कार्डाचा दुसरा विभाग जोडून घेतो, त्यांतून इतर प्रोग्रॅम सुरू होतात, व सर्वांच्या शेवटीं इम्युलेशनस्टेशन हें खेळांचें दालन पडद्यावर उघडतें. पाय ४ मध्यें बूटकोडचें काम बोर्डावरीलच एका चिपेंत सांठविलेलें आहे. बाकीचा क्रम तोच.

या प्रत्येक पायरीची खूण निराळी आहे. तांबडा दिवा लागला म्हणजे वीज आली. हिरवा दिवा अनियमितपणें लुकलुकूं लागला म्हणजे कार्ड वाचलें जात आहे. पडद्यावर अनेक रंगांचा चौकोन क्षणभर दिसला म्हणजे स्टार्ट फाइल वाचून झाली. रेट्रोपायचें बोधचित्र किंवा पांढरीं अक्षरें दिसलीं म्हणजे कर्नल जागा झाला. जी खूण शेवटची दिसली, तिच्या पुढच्याच पायरीवर दोष शोधावयाचा, हा सामान्य नियम. त्यास एकच मोठा अपवाद आहे, तो विजेचा. कारण अशक्त वीज कोणत्याहि पायरीवर दगा देते, आणि तांबडा दिवा तर ती पहिल्याच पायरीवर लावून मोकळी होते.

दिवा लागला म्हणजे यंत्र नीट आहे, ही समजूत फार जुनी आहे. १९८५ त अमेरिकेंत आलेल्या निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम या कन्सोलचा दिवा पुढें पुढें सेकंदास एकदां या वेगानें लुकलुकत बसे, व पडदाहि त्याबरोबर उघडझांप करी. मुलें कार्ट्रिज उपसून त्यांत फुंकर मारीत. खरें कारण असें होतें कीं, कन्सोलांत व कार्ट्रिजांत परस्परांची ओळख पटविणारी एकेक चिप असे. ७२ टोंकांची जोडणी झिजली वा मळली म्हणजे ओळख पटेना, आणि कन्सोलांतील चिप दर सेकंदास यंत्रास पुनः आरंभावर नेऊन ठेवी. फुंकरीनें गुण येई तो कार्ट्रिज काढून पुनः बसविल्यामुळें. तोंडांतील ओल मात्र त्या टोंकांवर बसून त्यांस गंजवी. जपानांतील १९८३ सालच्या फॅमिकॉममध्यें ही चिप नव्हती. म्हणून त्याच्या ज्या नकला १९९० च्या दशकांत आपल्याकडील पुष्कळ घरांत आल्या, त्यांत दिवा स्थिर जळे व पडद्यावर चौकटींचा गोंधळ माजे. दोष तोच मळक्या जोडणीचा. खूण मात्र निराळी.

असो. परीक्षेचा आरंभ यंत्र मोकळें करण्यापासून करावा. बोर्ड पेटींतून काढून कोरड्या लांकडी टेबलावर ठेवावा. पंखा, बटणें, कंट्रोलर, पेन ड्राइव्ह, सर्व सोडवून घ्यावीं. बोर्ड, कार्ड, वीज व टी. व्ही. इतकेंच शिल्लक राहूं द्यावें. पुष्कळदां यंत्र येथेंच सुरू होतें, कारण पेटीचा एखादा धातूचा खिळा बोर्डाच्या खालच्या डागांस टेकलेला असतो, किंवा बटणाची तार शेजारच्या टोंकावर बसलेली असते. बोर्डाच्या कडेस जी ४० टोंकांची रांग आहे तींत कांहीं टोंकें ५ व्होल्टांचीं व कांहीं ३.३ व्होल्टांचीं आहेत, आणि संदेशाचीं टोंकें ३.३ व्होल्टांहून अधिक दाब सोशीत नाहींत. बोर्ड खरोखर जळतो तो बहुधा येथें, आणि तो आपल्याच हातून. मोकळें यंत्र सुरू झालें तर एकेक वस्तु परत जोडीत जावें, व प्रत्येक वेळीं पुनः सुरू करून पाहावें. दोन वस्तु एकदम बदलल्या व यंत्र चाललें, तर कोणती दोषी होती हें कधींच समजत नाहीं.

आतां विजेविषयीं अंमळ विस्तारानें पाहूं. पाय ३ करितां ५.१ व्होल्ट व २.५ अँपिअर, आणि पाय ४ करितां ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर देणारा पॉवर सप्लाय सांगितलेला आहे. घरांतील मोबाइलच्या चार्जरवर असेच आंकडे छापलेले पाहून विद्यार्थी निश्चिंत होतो; परंतु चार्जर व बोर्ड यांच्या मध्यें केबल आहे, आणि केबलीच्या आंतील तांब्यास विरोध आहे. स्वस्त केबलींत २८ गेजची बारीक तार असते. तिचा विरोध मीटरास सुमारें ०.२१ ओहम. एक मीटर केबलींत वीज एका तारेनें जाते व दुसरीनें परतते, म्हणून एकंदर विरोध सुमारें ०.४२ ओहम झाला. ओहमच्या नियमाप्रमाणें दाबांतील घट ही प्रवाह व विरोध यांच्या गुणाकाराइतकी असते. यंत्र नुकतेंच जागें होत असतां त्यानें ०.४ अँपिअर ओढला, तर घट सुमारें ०.१७ व्होल्ट; बोर्डापाशीं ४.९३ उरले, आणि सर्व ठीक दिसलें. पुढें चारी प्रोसेसर कामास लागले, कंट्रोलरनें आपला वाटा घेतला, आणि प्रवाह १.५ अँपिअर झाला, घट ०.६३, उरले ४.४७. या बोर्डांवर सुमारें ४.६३ व्होल्टांखालीं दाब गेला कीं यंत्र धोक्याची खूण करितें. म्हणजे चार्जर निर्दोष, बोर्ड निर्दोष, आणि यंत्र मात्र दालन उघडण्याच्या बेतांत आलें कीं मान टाकतें. तीच केबल २४ गेजच्या जाड तारेची असती, तर तितक्याच प्रवाहास घट पाव व्होल्टच झाली असती.

धोक्याची खूण दोन प्रकारांनीं दिसते. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यांत पिवळी विजेची रेघ उमटते, आणि तांबडा दिवा मालवतो किंवा लुकलुकतो. ही रेघ पाहून ती पडद्यावरून नाहींशी करण्याची युक्ति विचारणारे पुष्कळ भेटतात, व तशी सूचना कॉन्फिग फाइलींत लिहितांहि येते. परंतु तापमापक फोडल्यानें ताप उतरत नाहीं. मल्टिमीटर असेल तर दाब चार्जरच्या तोंडाशीं मोजूं नये. भार नसतांना तेथें नेहमींच सुंदर आंकडा दिसतो. यंत्र चालू असतां तो बोर्डावर, टोंक क्रमांक २ व क्रमांक ६ यांच्यामध्यें मोजावा. मात्र क्रमांक २ च्या अगदीं शेजारीं क्रमांक १ हें ३.३ व्होल्टांचें टोंक आहे. मीटरची सळई निसटून दोन्हींस एकदम लागली, तर ज्या बोर्डास वांचविण्यास आपण निघालों तोच जळेल. ज्याचा हात स्थिर नाहीं त्यानें मोजमापाच्या फंदांत न पडतां चांगली आंखूड केबल आणून पाहावी.

पाय ४ ची एक चमत्कारिक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. २०१९ सालीं निघालेल्या पहिल्या बोर्डांत, टाइप-सी जोडणीच्या दोन निरनिराळ्या टोंकांस स्वतंत्र ५.१ किलो-ओहमचे विरोधक असावयास पाहिजे होते, तेथें दोन्हींत मिळून एकच घातला गेला. परिणाम असा कीं, लॅपटॉपच्या भारी चार्जरबरोबर येणारी, आंत ओळखचिप असलेली केबल लावली म्हणजे चार्जरास समोर संगणक नसून कानास लावण्याचें श्रवणयंत्र आहे असा भास होई, आणि तो वीजच देईना. साधी केबल लावतांच यंत्र सुरू! कर्त्यांनीं ही चूक कबूल केली व पुढील आवृत्तींत ती सुधारली. तेव्हां पाय ४ चा तांबडा दिवा मुळींच लागत नसेल, तर अधिक महाग चार्जर शोधण्यापूर्वीं अधिक साधी केबल लावून पाहावी.

तांबडा दिवा स्थिर आहे, पण हिरवा एकदांहि हलत नाहीं, अशी अवस्था असल्यास संशय कार्डावर घ्यावा. नवशिक्यांची नेहमींची चूक ही कीं, रेट्रोपायची उतरवून घेतलेली इमेज ते एखाद्या गाण्याप्रमाणें कार्डावर नुसती नकलून ठेवितात. इमेज म्हणजे संपूर्ण कार्डाचा ठसा. ती आधीं उलगडून रास्पबेरी पाय इमेजर यासारख्या प्रोग्रॅमनें कार्डावर उमटवावी लागते. नुसती नकलली तर कार्डांत पेटी आहे, पण पेटींतील वस्तु बाहेर काढलेली नाहीं, असें होतें. बाजारांत खोटीं कार्डेंहि फार आहेत. वर ६४ जी. बी. छापलेलें असतें, आंत त्याच्या चतुर्थांशहि जागा नसते, आणि ती भरेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. कार्ड पूर्ण भरून पुनः वाचून पाहणारे विनामूल्य प्रोग्रॅम मिळतात. नवें कार्ड त्यांच्या हातून एकदां तपासून घ्यावें.

हिरवा दिवा ठराविक संख्येनें लुकलुकून थांबतो व पुनः तितक्याच वेळां लुकलुकतो, असें दिसलें तर आनंद मानावा, कारण मुकें यंत्र बोलूं लागलें आहे. चार वेळां लुकलुकला तर स्टार्ट फाइल सांपडत नाहीं. सात वेळां, तर कर्नल सांपडत नाहीं. दोन्ही वेळीं कार्ड पुनः लिहावें. आठ वेळां लुकलुकणें मात्र बोर्डाच्या मेमरीचा दोष सांगतें. पहिल्याच क्षणीं केलेला 'बोर्ड जळला' हा उद्गार येथें कोठें विचारांत घेण्याजोगा होतो. पाय ४ ची परीक्षा याहूनहि सोपी आहे. कार्ड काढून टाकून, टी. व्ही. लावून वीज द्यावी. बोर्डावरील चिपेंतील प्रोग्रॅम फार जुना नसेल, तर 'कार्ड मिळत नाहीं' अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येतो, आणि बोर्ड जिवंत असल्याची ग्वाही मिळते. मजकूर न आल्यासहि आशा सोडूं नये. इमेजरमध्येंच त्या चिपेस पूर्ववत् करणारें एक वेगळें कार्ड बनवितां येतें. तें घालून वीज दिल्यावर हिरवा दिवा जलद व नियमित लुकलुकूं लागला, पडदा हिरवागार झाला, म्हणजे काम साधलें.

दिवे नीट चालत आहेत, परंतु पडदा काळा, असें असल्यास दोष चित्राच्या वाटेंत असतो. जुने बोर्ड सुरू होतांनाच टी. व्ही. समोर आहे कीं नाहीं हें विचारून घेतात. त्या क्षणीं टी. व्ही. बंद असला तर पुढें चित्र पाठवीतच नाहींत. म्हणून टी. व्ही. आधीं लावून, योग्य एचडीएमआय निवडून, मग यंत्रास वीज द्यावी. पाय ४ ला दोन चित्रजोडण्या आहेत. विजेच्या जोडणीजवळची जी, तीच वापरावी.

रंगीत चौकोन येऊन तेथेंच राहिला, तर कर्नल उठत नाहीं. कार्ड खराब असेल, किंवा इमेज त्या बोर्डापेक्षां जुनी असेल. पाय ४ करितां रेट्रोपायची तयार इमेज २०२० सालच्या ४.६ या आवृत्तीपासून मिळूं लागली. मित्राकडून आणलेलें पाय ३ चें जुनें कार्ड पाय ४ ला चालेल अशी अपेक्षा ठेवूं नये. चौकोनाच्या पुढें जाऊन यंत्र थांबत असेल, तर कार्ड दुसऱ्या संगणकांत घालून सीएमडीलाइन नांवाच्या फाइलींतील 'क्वाएट' हा शब्द व त्याशेजारचा 'लॉगलेव्हल' काढावा. मजकूर मात्र एकाच ओळींत राहूं द्यावा. मग यंत्र आपण काय करीत आहों हें ओळीओळीनें सांगतें, आणि शेवटची ओळ लिहून घेतली म्हणजे जाणत्यास विचारण्यापुरती माहिती हातीं येते. पहिल्या खेपेस यंत्र कार्डाचा विभाग वाढवून स्वतःच एकदां पुनः सुरू होतें. तें अडलें आहे असें समजून त्या वेळीं वीज तोडणाऱ्यानें नवें संकट स्वतः ओढवून घेतलेलें असतें.

दालन उघडलें, पण त्यांत खेळच नाहींत, ही तक्रार खरें पाहतां बिघाडाची नव्हे. ज्या कन्सोलचा एकहि खेळ ठेविलेला नाहीं त्याचें नांव रेट्रोपाय दाखवीत नाहीं. आणि खेळ योग्य नांवाच्या फोल्डरमध्यें ठेविल्यावरहि दालन एकदां पुनः सुरू करावें लागतें. खेळ निवडतांच यंत्र परत दालनांत येत असेल, तर प्लेस्टेशनसारख्या कन्सोलची बायॉस फाइल नसते, किंवा आर्केड खेळाच्या फाइलींची आवृत्ति जुळत नसते. मेम २००३ या प्रोग्रॅमास ०.७८ याच आवृत्तीचा संच लागतो, दुसरा कितीहि नवा असला तरी उपयोग नाहीं. येथें हेंहि सांगणें प्राप्त आहे कीं, खेळ जुना झाला म्हणून त्यावरील मालकीहक्क संपत नाहीं. जुन्या यंत्रांकरितां आजहि हौशी कर्ते नवे खेळ रचून विनामूल्य देतात; यंत्र चालतें कीं नाहीं हें पाहण्यास त्यांतील एखादा पुरेसा आहे.

राहतां राहिला यंत्र बंद करण्याचा प्रश्न, आणि सुरू न होण्याचीं निम्मीं कारणें येथें जन्मास येतात असें माझें मत आहे. कार्डावर लेखन चालू असतां वीज तुटली म्हणजे फाइल अर्धवट राहते, आणि तो घाव दुसऱ्या दिवशीं सकाळीं काळ्या पडद्याच्या रूपानें दिसतो. शिवाय खेळांतील प्रगति बहुतेक वेळां मेमरींतच असते. ती कार्डावर उतरते खेळांतून रीतसर बाहेर पडतांना. चार दिवस खपून धाकट्या बहिणीनें गांठलेला टप्पा एका झटक्यासरशीं जातो तो असा. खेळांतून बाहेर पडावें, दालनाच्या सूचीतून यंत्र बंद करण्याची आज्ञा द्यावी, हिरवा दिवा लुकलुकण्याचा थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि मगच वीज काढावी. आणि सर्व कांहीं मनासारखें चालूं लागलें, त्याच दिवशीं संपूर्ण कार्डाची एक इमेज घरच्या संगणकावर काढून ठेवावी. पुढें कार्ड मेलें तर नवें कार्ड लिहिण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा लागत नाहीं.